मेस म्हणजे पसारा? एका पाटीची आणि सातशे वर्षांची गोष्ट

(या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' थोडे गाळलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका शब्दाचा आहे. एकच शब्द, तोही इंग्रजी, तोही चार अक्षरांचा. तुम्ही पुण्यात, लातूरला, सोलापूरला किंवा संभाजीनगरला शिकायला राहिला असाल तर तुम्ही तो दिवसातून दोनदा वापरलाय. मेस. "मेसला जाऊन आलास का?" "मेसमध्ये आज काय आहे?" आणि तुम्ही माझ्यासारखे सॉफ्टवेअरमध्ये असाल तर तोच शब्द तुम्ही दुसऱ्या अर्थानेही दिवसातून दोनदा ऐकलाय. "हा कोड म्हणजे नुसता मेस आहे."

एक मेस जेवणाची, एक मेस पसाऱ्याची. हे दोन वेगळे शब्द आहेत की एकच? एकच असेल, तर जेवणाच्या जागेचा शब्द घाण आणि गोंधळ यांच्यासाठी कसा काय वापरला गेला?

मला हा प्रश्न पडण्याचं कारण जरा घरगुती आहे. ते आधी सांगतो, मग इतिहासाकडे जाऊ.

आमचं घर लातूरला. लातूर पॅटर्न तुम्हाला माहीत असेल. बारावीसाठी बाहेरगावची हजारो मुलं तिथं येतात, खोल्या घेऊन राहतात आणि त्यांना जेवायला लागतं. मी पहिलीत असताना माझ्या आईने घरात मेस सुरू केली. सुरुवातीला सहा मुलं, नंतर चाळीसपर्यंत. पुढच्या खोलीत पंगत, आणि ज्यांना यायला जमत नाही त्यांना डबा. दारावर पत्र्याची पाटी, पेंटरकडून रंगवून घेतलेली: 'घरगुती मेस. दोन वेळचा डबा मिळेल.'

आठवीत असताना वर्गात इंग्रजीच्या धड्यात हा शब्द आला. सरांनी अर्थ सांगितला: पसारा, गचाळपणा, अव्यवस्था. वर्गातल्या निम्म्या पोरांना आमची पाटी माहीत होती. पुढचं सांगायला नको. त्या संध्याकाळी मी घरी येऊन आईला म्हणालो, पाटी बदल. तिने पिठाचे हात तसेच ठेवून विचारलं, "मग काय लिहू?" मी म्हणालो, भोजनालय.

तिने एका शब्दाने वाद घातला नाही. पेंटरला बोलावलं, पैसे दिले, पाटी बदलली. आणि जून महिना होता, नवीन पोरं गल्लीगल्लीत मेस शोधत फिरत होती. ती आमच्या दारावरून पुढे जायची. कारण भोजनालय म्हणजे काय, थाळीचे पैसे द्या, जेवा, निघा. मेस म्हणजे महिन्याचं खातं. पोरांना भोजनालय नको होतं, मेस हवी होती. पंधरा दिवस एकही नवीन मुलगा आला नाही. मग आईने पुन्हा पेंटरला बोलावलं, पुन्हा पैसे दिले. मला एक अक्षर बोलली नाही. ते न बोललेलं मला अजून बोचतं.

असो. आता सातशे वर्षं मागे जाऊ.

पाठवलेलं ते मेस

मला आधी वाटायचं की मेस आणि मेज हे भाऊ-भाऊ असणार. लॅटिनमध्ये टेबलाला 'मेन्सा' म्हणतात, पोर्तुगीजमध्ये 'मेझा'. जेवायचं टेबल ते मेस, असा सोपा हिशोब. पण नाही. हा शब्द दुसऱ्याच घरातला आहे.

लॅटिनमध्ये 'मित्तेरे' म्हणजे पाठवणं. त्यापासून 'मिस्सुस', म्हणजे पाठवलेलं. पुढच्या काळातल्या लॅटिनमध्ये याच धातूला 'ठेवणं, मांडणं' असाही अर्थ आला. मग मिस्सुस म्हणजे स्वयंपाकघरातून आत पाठवलेलं, पुढ्यात मांडलेलं ताट. तिथून जुन्या फ्रेंचमध्ये 'मेस', आणि साधारण १३०० च्या सुमाराला इंग्रजीत. फ्रेंचमध्ये आजही पदार्थाला तोच शब्द आहे, फक्त शेवटची अक्षरं मुकी झाल्यामुळे उच्चार 'मे' होतो.

या कुटुंबातली बाकी मंडळी बघा. मेसेज, मिशन, मिसाइल: सगळी पाठवायची कामं. प्रॉमिस, परमिशन, ट्रान्समिशन तिथलेच. आम्ही रोज कोड 'कमिट' करतो, अर्ज 'सबमिट' करतो, तेही तिथलेच. गोव्यात ख्रिस्ती लोक चर्चमधल्या उपासनेला 'मीस' म्हणतात, तो पोर्तुगीज 'मिस्सा'वरून आला, आणि मिस्सा याच मित्तेरेपासून. उपासना संपल्यावर लोकांना निरोप देण्याचे जे लॅटिन शब्द होते, त्यातून ते नाव पडलं.

तर इंग्रजीत सुरुवातीला मेसचा अर्थ होता: एका माणसाच्या पुढ्यात आलेला जेवणाचा वाटा. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये योसेफ आपल्या भावांना जेवू घालतो तिथे हाच शब्द आहे. प्रत्येकाला एक मेस, आणि धाकट्या बेंजामिनला पाचपट मोठी. त्यात घाणीचा लवलेश नाही, उलट मानाचं ताट आहे.

त्याच बायबलमधली दुसरी गोष्ट म्हणजे एसाव आणि याकोब. थोरला एसाव शेतातून भुकेला येतो आणि मसुराच्या आमटीच्या बदल्यात थोरलेपणाचा हक्क धाकट्याला विकून टाकतो. जुन्या इंग्रजी बायबलांमध्ये या प्रकरणाच्या मथळ्यात 'मेस' हा शब्द होता, आणि त्यावरून इंग्रजीत वाक्प्रचारच पडला. कवडीमोलाच्या गोष्टीसाठी अमोल गोष्ट देऊन टाकणं, हा त्याचा अर्थ. इथे पहिल्यांदा या शब्दाला जरा कमीपणाची छटा येते. ताट तेच, पण त्याची किंमत कोणीतरी बाहेरून ठरवतंय.

चौघांची मेस

आता दुसरा टप्पा. मध्ययुगात मोठ्या वाड्यांतल्या जेवणावळीत प्रत्येकाला वेगळं ताट नसायचं. काही जणांत मिळून एक भांडं यायचं आणि त्यातूनच वाटून घ्यायचं. हळूहळू त्या टोळक्यालाच मेस म्हणायला लागले. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपासून हा अर्थ सापडतो आणि ठरलेली संख्या होती चार. चौघं म्हणजे एक मेस. हे इतकं पक्कं होतं की शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' नाटकात 'चौघं पूर्ण झाले' या अर्थी मेस शब्द आलाय.

लंडनमध्ये बॅरिस्टर तयार करणाऱ्या ज्या संस्था आहेत, इन्स ऑफ कोर्ट, तिथे ही चौघांची पद्धत पुढेही टिकली. तिथे बॅरिस्टर व्हायचं तर परीक्षेइतकंच महत्त्व जेवणांना होतं. दर सत्रात ठरावीक वेळा जाऊन सगळ्यांबरोबर जेवायचंच. डॉ. आंबेडकर ज्या ग्रेज इनचे बॅरिस्टर, ती यांपैकीच एक. गांधीजी इनर टेंपलचे. गांधीजींनी आत्मचरित्रात या जेवणांची गंमत सांगितली आहे. चौघांच्या गटाला वाइनच्या दोन बाटल्या मिळायच्या. गांधीजी पीत नव्हते. त्यामुळे आपल्या गटात हेच यावेत म्हणून प्रत्येकाची धडपड, कारण मग दोन बाटल्या तिघांत! मेसमधल्या पोळीवरून किंवा गुलाबजामवरून होणारं राजकारण ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तिसरा टप्पा सैन्याचा. सोळाव्या शतकात, १५३० च्या दशकापासून, एकत्र जेवणाऱ्या शिपायांच्या गटाला मेस म्हटल्याचं सापडतं. शिडाच्या जहाजांच्या काळात ब्रिटिश आरमारातले खलाशी दोन तोफांच्या मधल्या जागेत टेबल लावून सहा-आठ जणांच्या मेसमध्ये जेवायचे. आळीपाळीने एकेकाने मुदपाकखान्यातून सगळ्यांचं जेवण आणायचं. पटलं नाही तर परवानगी घेऊन मेस बदलता यायची. म्हणजे खलाशाचं घर जहाज नव्हे, मेस होती. पुढे गट जाऊन जागा आली: अधिकाऱ्यांची मेस.

आणि तो शब्द छावण्यांबरोबर आपल्याकडे आला. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईनंतर पुण्यात इंग्रजांची छावणी बसली. तिथे अधिकाऱ्यांच्या मेस होत्या, आणि इथल्या माणसांच्या कानावर हा शब्द जेवणाची जागा म्हणूनच पडला. पुढे कॉलेजांची वसतिगृहं आली, तिथेही मेस.

देशभर त्याने वेगवेगळी रूपं घेतली. कोलकात्यात 'मेसबाडी' म्हणजे नोकरीसाठी गावाकडून आलेल्या बाबूंनी मिळून राहायचं आणि जेवायचं घर. ब्योमकेश बक्षीची पहिली कथा अशाच मेसमध्ये घडते. तमिळनाडूत मेस म्हणजे सरळ खाणावळ, कोणीही जावं आणि जेवावं. आपल्याकडे मेस म्हणजे महिन्याचा करार. तिन्हीकडे मूळ गोष्ट एकच राहिली: घरापासून लांब असलेली माणसं एकत्र जेवतात.

आपला स्वतःचा शब्द होताच, खाणावळ. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीने राहायचे आणि जेवायचे ते शेजारच्या बाईच्या खाणावळीत. पगाराला पैसे द्यायचे, तोवर उधारी. या बायकांना वाणसामानासाठी सावकाराचं कर्ज काढावं लागायचं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली. गिरणीचा इतिहास लिहिताना आपण मालक लिहितो, संप लिहितो, दत्ता सामंत लिहितो. पण त्या कामगारांना रोज जेवू घालणाऱ्या बायका बऱ्याचदा तळटीपेतच राहतात.

मग घाण कुठून आली?

अठराव्या शतकात. एकाच भांड्यात आलेलं, पातळ, कालवलेलं अन्न, असा अर्थ मेसला आधीपासून होताच. मग ते जनावरांच्या खाण्यालाही लागलं. १७३८ मध्ये अलेक्झांडर पोपच्या एका उपहासात्मक कवितेत डुकरांच्या संदर्भात हा शब्द येतो, आणि कशाबद्दल येतो ते जेवताना ऐकणाऱ्यांसाठी मी सांगत नाही. जे माणसाचं मानाचं ताट होतं ते डुकराचं आंबोण झालं.

पुढचा उतार झपाट्याचा आहे. शब्दकोशांत १८२८ च्या सुमाराला 'कशाचा कशाला मेळ नसलेला काला' हा तुच्छतेचा अर्थ सापडतो. १८३४ मध्ये 'गोत्यात येणं, घोळ होणं'. आणि १८५१ मध्ये आपला आजचा अर्थ, अस्ताव्यस्तपणा. म्हणजे साडेपाचशे वर्षं जेवण, आणि पसारा जेमतेम पावणेदोनशे वर्षांचा! वर्गात सरांनी सांगितलेला अर्थ चुकीचा नव्हता. पण तो या शब्दाचा सगळ्यात धाकटा अर्थ होता.

आजच्या इंग्रजीत त्याचा संसार मोठा आहे. खोली अस्ताव्यस्त असेल तर मेस. आयुष्याचं गणित बिघडलं असेल तर मेस. काम बिघडवणं म्हणजे 'मेस अप', कोणाच्या वाटेला जाणं म्हणजे 'मेस विथ'. अमेरिकेत टेक्सास राज्याने १९८० च्या दशकात रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यांविरुद्ध मोहीम काढली, 'डोन्ट मेस विथ टेक्सास'. घाण करू नका आणि आमच्या वाटेला जाऊ नका, दोन्ही अर्थ एका दमात. ती घोषणा इतकी गाजली की ती मुळात कचऱ्याची आहे हेच लोक विसरले. आणि इंग्लंडमध्ये स्ट्रॉबेरी, साय आणि चुरलेलं मरँग कालवून करतात त्या गोड पदार्थाचं नाव 'ईटन मेस'. तिथे तोच शब्द पुन्हा चवीने खातात.

हे वाचताना मला आपल्या भाषेतला एक शब्द सारखा आठवत होता. गोंधळ.

तुळजापूर आमच्यापासून फार लांब नाही. घरात लग्न झालं की गोंधळ घालायचा. गोंधळी येतात, चौक मांडतात, दिवटी पेटवतात, संबळ आणि तुणतुणं सुरू होतं. एकेका देवाचं नाव घेऊन आमंत्रण, मग गण, मग आख्यान, मग आरती. रात्रभराचा कार्यक्रम आणि त्यातली एक पायरी मागेपुढे होत नाही. इतकी शिस्तीची गोष्ट, आणि आज आपण म्हणतो काय? "लोकसभेत गोंधळ." "निकालात गोंधळ." कोणीतरी लांबून फक्त आवाज ऐकला असणार. संबळ कशासाठी वाजतंय हे ज्याला माहीत नाही त्याला तो गलकाच वाटणार.

माझं मत आता असं झालंय, आणि हे माझं मत आहे, शब्दकोशाचं नाही: मेसचंही तसंच झालं असावं. ज्यांना वेगवेगळी ताटं परवडली त्यांना एका भांड्यातलं जेवण लांबून पसारा दिसायला लागलं. आपल्याकडे गोपाळकाला बघा. सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवलेल्या. ते मिश्रणच, पण तो प्रसाद राहिला, कारण कालवणारे आणि खाणारे एकच होते. बाहेरून नाव ठेवायला कोणी नव्हतं.

पाटी

आता हे सगळं मी का शोधलं. मागच्या वर्षी माझ्या कोडवर एका सीनियरने एका ओळीचा शेरा मारला. हे म्हणजे मेस आहे, एवढंच. तो बरोबर होता, कोड खरंच वाईट होता. पण रात्री अकराला तो शब्द स्क्रीनवर बघताना मला कोडचं काही वाटलं नाही, आठवीतली पाटी आठवली. आणि मी शब्दकोश उघडला.

बाहेरच्याला आमचं स्वयंपाकघर पसाराच दिसलं असतं. ओट्यावर चाळीस डबे, झाकणं एकीकडे, खाली कणकेची परात. पण आईला न बघता माहीत असायचं कुठला डबा कुणाचा. निळं झाकण नांदेडच्या पोराचं, त्याला तिखट चालत नाही. दोरी बांधलेला डबा उदगीरच्याचा, गुरुवारी त्याचा उपास. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा कितीतरी पोरं गावी गेली. जी राहिली त्यांना आईने पत्रावळीवर वाढलं, भांडी घासायला पाणी नाही म्हणून. पण एक वेळ चुकवली नाही. मी आयुष्यात इतकी व्यवस्थित चालणारी दुसरी सिस्टीम पाहिलेली नाही, आणि मी पगारच सिस्टीम बघायचा घेतो.

या मे महिन्यात तिने मेस बंद केली. गुडघे. शेवटची बॅच गेल्यावर मी फोन केला आणि हे सगळं सांगितलं. लॅटिन, फ्रेंच, गांधीजींच्या दोन बाटल्या. आणि शेवटी पाटीचं. म्हणालो, "आई, तेव्हा मी चुकलो होतो. तुझे दोन वेळा पैसे गेले, ते वेगळंच."

ती म्हणाली, "कुठली पाटी? ते होय! अरे, तू केवढा होतास तवा. त्याचं काय मनाला लावून घ्यायलास?" मग थोडा वेळ गप्प. मग, "चौघांची मेस म्हणलास ना? चौघांत काय परवडतंय रे?"

मी म्हणालो, मूळ अर्थ पाठवलेलं असा आहे.

"मग बरोबरच की," ती म्हणाली. "आपण डबे पाठवतच होतो." आणि विचारलं, तू जेवलास का.

पाटी मी पुण्याला घेऊन आलोय. खोलीत बाकी सगळा पसारा आहे, दुसऱ्या अर्थाची मेस. पण पाटी भिंतीवर सरळ लावली आहे.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या शिक्षणाच्या वर्षांत तुम्हाला कुणी जेवू घातलं, त्या काकूंचा नंबर अजून फोनमध्ये असेल तर एकदा लावून बघा. मला कळवायची गरज नाही, त्यांना लावा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.